शेरलॉक होम्सची थट्टा

ज्या गुप्तहेराची बुद्धी कोणत्याही कोड्यापुढे कुंठित होत नाही अशी साऱ्या जगाची धारणा आहे, त्या शेरलॉक होम्सचे चलच्चित्रात घडलेले पहिले दर्शन त्याच्या फजितीचे आहे, ही गोष्ट त्याच्या भक्तांस रुचो वा न रुचो, दप्तरी दाखल झालेली आहे. न्यू यॉर्क शहरात ब्रॉडवेवरील एका इमारतीच्या गच्चीवर ‘अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ’ कंपनीने आपला चित्रणमंच थाटला होता. तेथे १९०० साली आर्थर मार्व्हिन या छायाचित्रकाराने ‘शेरलॉक होम्स बॅफल्ड’ या नावाचे, अर्ध्या मिनिटात आटोपणारे एक दृश्य टिपले. एक चोर घरातील चीजवस्तू पिशवीत भरीत आहे, इतक्यात अंगात लांब झगा घातलेला होम्स प्रवेश करून त्याला हटकतो, तो चोर जागच्या जागी अदृश्य होतो. काही घडलेच नाही अशा थाटात होम्स चिरूट पेटवू लागतो, तो चोर पुन्हा हजर. होम्स पिस्तूल झाडतो, चोर पुन्हा गुप्त. अखेर मुद्देमालाची पिशवी हाती लागली म्हणून आमचा नायक समाधानाचा श्वास टाकतो न टाकतो, तोच ती पिशवी त्याच्या हातून नाहीशी होऊन चोराच्या हाती प्रकट होते आणि चोर खिडकीवाटे पसार होतो. मागे उरतो तो भांबावलेला होम्स. छायायंत्र मध्येच थांबवून, नटाला बाजूला करून, ते पुन्हा सुरू करण्याच्या युक्तीतून हा सारा चमत्कार साधलेला आहे.

हे दृश्य सभागृहात बसून पाहण्यासाठी नव्हतेच. म्यूटोस्कोप या यंत्रात चित्रांच्या शेकडो पत्त्यांचे एक चक्र बसविलेले असे, आणि नाणे टाकून, डोळे झरोक्याला लावून, दांडा हाताने फिरवीत एका वेळी एकाच प्रेक्षकाने तो खेळ पाहावयाचा असे. अशा क्षणभंगुर करमणुकीचा मागमूसही राहावयाचा नाही. परंतु अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यात चलच्चित्राला स्वतंत्र स्थान नसल्यामुळे कंपन्या आपली चित्रे छायाचित्रे म्हणून कागदाच्या लांब गुंडाळ्यांवर छापून हक्कनोंदणीसाठी सरकारजमा करीत, आणि १९०३ साली नोंदविलेली ही गुंडाळी वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात पडून राहिली. मायकेल पॉइंटर या अभ्यासकाने १९६८ साली ती उजेडात आणली, तेव्हा कळून आले की पडद्यावरच्या होम्सवंशाचा मूळ पुरुष हा विनोदी आहे, आणि त्याचे काम करणाऱ्या नटाचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवलेले नाही. लोकांना शोधून काढण्यात हयात घालविणाऱ्या गुप्तहेराचा पहिला अवतार स्वतःच बेपत्ता राहावा, हा योगायोग होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनाही सुचला नसता.

तथापि या घटनेकडे केवळ मौज म्हणून पाहून पुढे जाणे योग्य होणार नाही. होम्सची थट्टा हा होम्सच्या कीर्तीवर उशिरा वाढलेला बांडगुळासारखा प्रकार आहे, मूळ वृक्ष जीर्ण झाल्यावर तो फोफावला, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. होम्सचा पहिला प्रवेश १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’ या वार्षिकात झाला, परंतु त्याच्या खऱ्या लोकप्रियतेचा प्रारंभ ‘स्ट्रँड’ मासिकाच्या जुलै १८९१ च्या अंकापासून धरावा लागतो. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, म्हणजे चार महिने उलटतात न उलटतात तोच, ‘द स्पीकर’ या नियतकालिकात होम्सचे निनावी विडंबन प्रसिद्ध झाले. त्याचा लेखक कोणी मत्सरी प्रतिस्पर्धी नव्हता. पुढे ‘पीटर पॅन’चा जनक म्हणून विख्यात झालेला आणि डॉयल यांचा स्नेही असलेला जेम्स बॅरी तो होता. दोन वर्षांनी या दोघा मित्रांनी मिळून सॅव्हॉय नाट्यगृहासाठी लिहिलेली संगीतिका सपशेल पडली, तेव्हा बॅरीने त्या अपयशाचे दुःख हलके करण्यासाठी आणखी एक विडंबन लिहून डॉयल यांना नजर केले, आणि त्यांनी ते इतके जपले की १९२४ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याला सन्मानाने स्थान दिले. ‘पंच’ साप्ताहिकात १८९३ साली आर. सी. लेहमन यांनी ‘पिकलॉक होल्स’ या गुप्तहेराच्या कथा चालविल्या, फ्रान्समध्ये मॉरिस लब्लाँ यांनी आपल्या आर्सेन ल्युपँ या सज्जन चोराच्या मागावर होम्सला पाठविले आणि तक्रार येताच त्याचे नाव ‘हर्लॉक शोल्मेस’ असे फिरवून कायद्याला चकविले.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की खुद्द डॉयल यांनीही या थट्टेत भाग घेतला होता. एडिंबरा विद्यापीठाच्या क्रिकेटच्या मैदानासाठी निधी जमवावयाचा होता, म्हणून १८९६ साली विद्यार्थ्यांच्या नियतकालिकासाठी त्यांनी होम्स आणि त्याचा सोबती वॉटसन न्याहारीला बसले आहेत असा एक छोटा विनोदी प्रसंग लिहून दिला. आणि राणी मेरीसाठी सिद्ध झालेल्या बाहुलीघराच्या चिमुकल्या ग्रंथालयासाठी १९२४ च्या सुमारास त्यांनी स्वहस्ते जी कथा लिहिली तीत वॉटसन मोठ्या ऐटीत होम्सवर होम्सचीच पद्धत चालवून पाहतो आणि त्याचे एकूण एक अनुमान खोटे ठरते. ज्याची मालमत्ता त्यानेच तिची टवाळी करण्याचा पायंडा पाडून ठेवलेला असल्यावर इतरांनी संकोच का बाळगावा?

होम्सकथेची घडणच विडंबनाला आमंत्रण देणारी आहे. कीर्तनात जसा पूर्वरंग, तसा या कथेत प्रत्येक वेळी तोच मंगलाचरणाचा विधी पार पडतो: बेकर स्ट्रीटवरील ती खोली, जिन्यावर वाजणारी अपरिचित पावले, आलेल्या पक्षकाराच्या बाहीवरील घडीवरून किंवा बुटावरील चिखलावरून होम्सने सांगितलेला त्याचा पूर्वेतिहास, वॉटसनचे आश्चर्य, आणि उलगडा ऐकल्यावर वाटणारी ‘एवढेच होते होय!’ ही किंचित निराशा. ज्या कलाकृतीचे विधी इतके पक्के ठरलेले असतात तिची नक्कल करणे सोपे असते, परंतु चांगली नक्कल करणे मात्र अवघड. आपल्याकडे ‘केशवकुमारां’च्या, म्हणजे अत्र्यांच्या, ‘झेंडूची फुले’ या १९२५ च्या संग्रहाने जो धडा घालून दिला तो येथेही लागू पडतो. ज्यांची टोपी उडवावयाची त्या कवींचे छंद, लकबी आणि शब्दकळा अत्र्यांना मुखोद्गत होत्या, म्हणूनच त्यांचे बाण लागले. ज्याला मूळ काव्य ठाऊक नाही त्याच्या हातून विडंबन होत नाही, नुसता टिंगलीचा गलबला होतो.

पानावरून पडद्यावर येण्यापूर्वी ही परंपरा रंगभूमीवर काही काळ मुक्कामाला होती. अमेरिकन नट विल्यम जिलेट यांनी १८९९ साली होम्सवर नाटक रचून ते स्वतः रंगविले, आणि पुढील तीन दशकांत सुमारे तेराशे वेळा ती भूमिका केली. होम्सच्या तोंडी आज जी वाकड्या दांडीची चिलीम आपण गृहीत धरतो ती जिलेटनी रूढ केली, तर दोन्ही बाजूंनी टोच असलेली शिकारी टोपी सिडनी पॅजेट या चित्रकाराने त्याच्या मस्तकावर ठेवली. नाटकात होम्सचा विवाह लावू का, अशी जिलेटनी तारेने विचारणा केली असता, त्याचा विवाह करा, खून करा, वाटेल ते करा, अशा अर्थाची सरसकट मुखत्यारी डॉयल यांनी त्यांना देऊन टाकली, ही आख्यायिका नव्हे, डॉयल यांनीच नोंदविलेली हकीकत आहे. लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स नाट्यगृहात १९०५ साली जिलेटनी मुख्य नाटकाच्या जोडीला एक छोटा प्रहसनवजा प्रवेश सादर केला. त्यात होम्सच्या खोलीत शिरलेली एक स्त्री अखंड बडबडत राहते, आणि ज्याच्या वाणीवर जग डोलते त्या होम्सला प्रारंभापासून शेवटपर्यंत एकही शब्द उच्चारण्याची संधी मिळत नाही. ती बाई वेड्यांच्या इस्पितळातून पळालेली आहे हे त्याने निमूटपणे केव्हाच ओळखलेले असते. या प्रवेशात होम्सच्या दारावरील पोऱ्याचे काम करणारा सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे चार्ल्स चॅप्लिन. त्यापूर्वी १९०३ पासून गावोगावच्या दौऱ्यांत तो हेच काम करीत होता. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ विदूषकाने रंगभूमीवरील आपली उमेदवारी होम्सच्या उंबरठ्यावर केली, हे या इतिहासातील एक लोभस प्रकरण आहे.

मूकपटांच्या काळात थट्टा धसमुसळी झाली. डग्लस फेअरबँक्स यांनी १९१६ साली ‘द मिस्टरी ऑफ द लीपिंग फिश’मध्ये होम्सच्या कोकेनच्या व्यसनाचा इतका मोकाट फार्स केला की आजचा प्रेक्षकही ओशाळतो. परंतु १९२४ साली बस्टर कीटन यांचा ‘शेरलॉक ज्युनिअर’ आला आणि होम्सविषयक विनोदाला एकदम निराळी खोली प्राप्त झाली. या पाऊण तासाच्या चित्रपटात होम्स नाहीच. आहे तो गुप्तहेर होण्याचे पुस्तक वाचणारा, चित्रपटगृहात यंत्र चालविणारा एक गरीब तरुण. प्रेयसीच्या घरातील घड्याळ चोरल्याचा आळ त्याच्यावर येतो, आणि पुस्तकातील आज्ञेबरहुकूम तो संशयिताच्या पावलावर पाऊल टाकीत, अक्षरशः एका हाताच्या अंतरावरून, त्याचा पाठलाग करतो, पण निष्पन्न काही होत नाही. मग यंत्राशेजारी त्याला डुलकी लागते, त्याचे स्वप्नरूप पडद्यात शिरते, आणि तेथे तो जगातील सर्वश्रेष्ठ गुप्तहेर होतो. त्याच्या सहायकाचे नाव ‘जिलेट’ ठेवून कीटन यांनी पूर्वसूरींना नमस्कारही करून घेतला आहे. पडद्यावरचे दृश्य क्षणोक्षणी बदलत असता नायकाची आकृती मात्र त्याच जागी राहते, हा प्रसंग साधण्यासाठी मोजणीदाराच्या उपकरणांनी अंतरे मोजून छायायंत्र जागच्या जागी बसवावे लागले. पाण्याच्या टाकीच्या एका दृश्यात कोसळत्या धारेने कीटन रुळावर आपटले आणि मानेचे हाड मोडले, हे पुढे कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत उघड झाले. इकडे तो तरुण झोपेत पराक्रम गाजवीत असताना जागेपणीच्या जगात त्याची प्रेयसी सावकाराच्या दुकानी जाऊन घड्याळ कोणी गहाण ठेवले याची साधी चौकशी करते आणि प्रकरण निकालात काढते. होम्स वाचून आपण प्रत्येक जण मनोमन होम्स होतो, आणि आपल्या घरातील शहाणी माणसे तेवढ्यात खरे काम उरकून मोकळी होतात. कीटन यांचा विनोद होम्सवर नसून होम्सच्या वाचकावर आहे, आणि तो वाचक आपणच असल्यामुळे तो आपल्याला बोचत नाही.

बोलपट आल्यावर हास्याचा रोख फिरला, आणि या वेळी ज्याच्यावर तो वळला त्याच्यावर अन्याय झाला. बॅझिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस या जोडीने १९३९ ते १९४६ या काळात चौदा चित्रपट केले. ते विनोदी म्हणून जाहीर झालेले नव्हते; रॅथबोन यांचा होम्स तर करारी, तीक्ष्ण आणि आजही अनेकांना आदर्श वाटणारा आहे. परंतु त्याच्या तेजाला उठाव यावा म्हणून ब्रूस यांच्या वॉटसनला धांदरट, पुटपुटणारा, मंदबुद्धी म्हातारा बनविण्यात आले. मूळ कथांतला वॉटसन असा नाही. मुंबई बंदरात उतरून दुसऱ्या अफगाण युद्धावर गेलेला, १८८० सालच्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला, पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराशी झुंजून विलायतेस परतलेला तो लष्करी शस्त्रवैद्य आहे. धीट, विश्वासू आणि विशेष म्हणजे उत्तम लेखक. होम्सची जी कीर्ती आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्याच लेखणीतून, आणि ज्याने ही बखर लिहिली तोच मूर्ख ठरला तर बखरीच्या विश्वसनीयतेचे काय, हा प्रश्न त्या चित्रपटांच्या कर्त्यांना पडला नाही. तो दोन चित्रपटांना पुढे पडला, आणि माझ्या मते या परंपरेचा कळस त्या दोन चित्रपटांत आहे.

पहिला बिली वाइल्डर यांचा १९७० सालचा ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स’. चेअरिंग क्रॉस येथील कॉक्स आणि मंडळींच्या बँकेत वॉटसनची एक पत्र्याची पेटी ठेवलेली असून तीत अप्रकाशित प्रकरणांची कागदपत्रे आहेत, असे डॉयल यांनीच एका कथेत सांगून ठेवले आहे. वाइल्डर आणि त्यांचे सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी ते दप्तर उघडले. रॉबर्ट स्टीफन्स यांचा होम्स बेकर स्ट्रीटवर परतताच वॉटसनविरुद्ध फिर्याद मांडतो, की तू माझी उंची वाढवून लिहिलीस, हा विचित्र पोशाख माझ्या अंगावर चढविलास, आणि आता लोक तोच अपेक्षितात. पुढे एक निवृत्तीच्या वाटेवरील रशियन नर्तकी बुद्धिमान अपत्याच्या अभिलाषेने होम्सची पिता म्हणून निवड करते, मोबदल्यात अस्सल स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन देऊ करते, आणि या पेचातून सुटण्यासाठी होम्स आपल्या व वॉटसनच्या सहवासाबद्दल अशी काही सूचना करतो की नर्तिकांच्या घोळक्यात रंगून नाचणाऱ्या वॉटसनभोवती हळूहळू केवळ पुरुष नर्तक उरतात. कॉलिन ब्लेकली यांनी त्या वेळचा वॉटसनचा संताप असा रंगविला आहे की हसता हसता त्या माणसाबद्दल मनात माया दाटते.

आणि मग ही प्रहसनाची वाट नकळत वळण घेते. टेम्स नदीतून वाचविलेली एक परकीय स्त्री, तिचा हरवलेला अभियंता पती, स्कॉटलंडमधील नेस सरोवर, तेथील प्रसिद्ध राक्षसाचे रूप घेतलेली आरमाराची पाणबुडी, आणि अशा लपूनछपून लढण्याच्या साधनाला खिलाडूपणाच्या नावाने नकार देणारी ठेंगणी व्हिक्टोरिया राणी, असा सारा हास्यकारक सरंजाम जमल्यावर होम्सच्या ध्यानात येते की जिला आपण सहाय्य केले, आणि जिच्यावर आपला जीव जडू लागला होता, ती जर्मनीची हेर आहे. तिने त्याचाच उपयोग करून घेतला. बुद्धीने तो हरला आणि हृदयानेही. अखेरीस तिला जपानमध्ये गोळी घालण्यात आल्याचे वृत्त येते, तेव्हा होम्स वॉटसनकडे आपले इंजेक्शन मागतो आणि वॉटसन, वैद्य असूनही, नाही म्हणत नाही. सत्तर वर्षांपूर्वी गच्चीवर भांबावलेला तो अनामिक होम्स आणि हा होम्स यांच्यात तपशिलाचे एवढेच अंतर आहे की तेथे पिशवी नाहीशी झाली, आणि येथे माणूस.

या चित्रपटाच्या नशिबाची कथाही होम्सला शोभणारी आहे. पाइनवुड येथे अलेक्झांडर त्रोनेर यांनी अख्खा बेकर स्ट्रीट उभारला होता, मिक्लोश रोझा यांनी आपल्याच व्हायोलिन-रचनेतून पार्श्वसंगीत गुंफले होते, आणि चार प्रकरणांचा मिळून चित्रपट तीन तासांहून बराच लांब भरला होता; परंतु लांब चित्रपटांचा जमाना ओसरलेला पाहून वितरक कंपनीने कात्री चालवून तो सुमारे दोन तासांवर आणला. वगळलेल्या भागांपैकी एका प्रकरणाचा केवळ आवाज शिल्लक आहे, तर दुसऱ्याचे चित्र आहे आणि आवाज नाही. सरोवरात बुडालेली राक्षसाची कृत्रिम आकृती मात्र सापडली: तिच्या पाठीवरची मदारे वाइल्डर यांना नापसंत पडून ती काढविण्यात आल्याने तिची तरंगण्याची शक्ती गेली, असे सांगतात, आणि २०१६ साली पाण्याखालील यंत्रमानवाने सरोवराचा तळ धुंडाळताना ती दृष्टीस पडली. प्रदर्शनाच्या वेळी अपयशी ठरलेल्या या चित्रपटाला आपले प्रेरणास्थान मानणारे मार्क गेटिस आणि स्टीव्हन मॉफट यांनीच २०१० साली दूरचित्रवाणीवर होम्सला आधुनिक लंडनमध्ये आणून नव्या पिढीत रुजविला, हे लक्षात घेता, थट्टेच्या दुकानातून गंभीर मालाचीही निपज होते असे म्हणावे लागते.

सत्तरीच्या दशकातील इतर प्रयत्नांची नोंद थोडक्यात पुरे. १९७१ च्या ‘दे माइट बी जायंट्स’मध्ये जॉर्ज सी. स्कॉट यांनी स्वतःला होम्स समजणारा न्यायाधीश उभा केला आणि त्याच्यावर उपचार करण्यास आलेल्या स्त्री-डॉक्टरचे आडनाव वॉटसन निघाले. जीन वाइल्डर यांनी १९७५ साली होम्सला सिगर्सन नावाचा एक मत्सरी धाकटा भाऊ बहाल केला. हे नाव हवेतून आलेले नव्हे, मृत्यूच्या अफवेनंतर होम्स तिबेटात ज्या नावाने हिंडला ते हे नाव, आणि एवढ्या एका निवडीवरून या दिग्दर्शकाने आपला ग्रंथ किती आवडीने वाचला होता ते कळून येते. उलट १९७८ साली पीटर कुक आणि डडली मूर यांच्यासारखे अव्वल विनोदपटू डॉयल यांच्या ‘बास्करव्हिल’ या कादंबरीतील कुत्र्यावर तुटून पडले, तरी त्यांना हसू आणता आले नाही, कारण होम्सशी त्यांचे काही देणेघेणेच नव्हते, कोणत्याही कथेवर लादता येतील असे चुटके त्यांनी या कथेवर लादले.

दुसरा थोर चित्रपट म्हणजे थॉम एबरहार्ट यांनी दिग्दर्शित केलेला १९८८ चा ‘विदाउट अ क्लू’. वॉटसनवर पन्नास वर्षे झालेल्या अन्यायाचा जणू इन्साफ करण्यासाठीच तो निघाला. यातील खरा प्रज्ञावंत डॉक्टर वॉटसन आहे. एका प्रतिष्ठित वैद्यकीय संस्थेत जागा मिळविण्याच्या खटपटीत असताना गुन्हेतपासणीचा छंद आड येऊ नये म्हणून त्याने आपले यश होम्स नावाच्या एका कल्पित माणसाच्या खाती जमा केले; ते कल्पित माणूस लोकप्रिय झाले, लोक त्याला प्रत्यक्ष पाहू म्हणू लागले, आणि तेव्हा वॉटसनने रेजिनाल्ड किंकेड या मद्यपी, भित्र्या आणि बेकार नटाला होम्सची भूमिका करावयास पगारावर ठेवले. मायकेल केन यांचा किंकेड लोकांपुढे भिंग डोळ्याला लावून रुबाबात वाकतो, वॉटसनने पढविलेली वाक्ये कशीबशी आठवून म्हणतो, आणि टाळ्या घेतो. बेन किंग्जली यांचा वॉटसन मागे उभा राहून दात चावतो. सहा वर्षांपूर्वी गांधीजींच्या भूमिकेने जगभर पोचलेल्या या नटाने आपली सारी गंभीरता विनोदाच्या कामी लावली आहे, आणि म्हणूनच विनोद दुप्पट होतो. वैतागून वॉटसन किंकेडला बडतर्फ करतो, आपल्या स्वतःच्या नावावर नव्या गुन्हेशोधक डॉक्टरच्या कथा सुरू करू पाहतो, पण ‘स्ट्रँड’च्या संपादकाला होम्स हवा, पोलिसांना होम्स हवा, पाच पौंडांच्या नोटांचे ठसे चोरीला गेल्याने हवालदिल झालेल्या सरकारलाही होम्सच हवा. आपल्याच हाताने रचलेल्या पुतळ्याला वॉटसनला पुन्हा पायघड्या घालाव्या लागतात.

येथे हास्य थांबवून क्षणभर विचार केला तर असे दिसते की ही कल्पित गंमत नसून सत्यकथा आहे. गुन्हे उलगडणारा, लेखणी धरणारा, वैद्यकीचा व्यवसाय करणारा आणि आपल्या मानसपुत्राच्या कीर्तीखाली घुसमटणारा डॉक्टर प्रत्यक्षात होऊन गेला होता, आणि त्याचे नाव आर्थर कॉनन डॉयल. एडिंबऱ्यातील आपले गुरू डॉक्टर जोसेफ बेल यांच्या निरीक्षणशक्तीवरून त्याने होम्स घडविला. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या आहेत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. १८९३ च्या डिसेंबरात त्याने होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले, वाचकांनी रोष प्रकट केला, आणि १९०१ साली आधी गतकाळातील एक प्रकरण म्हणून ‘बास्करव्हिल’ आणि मग १९०३ साली जिवंत होम्स त्याला परत आणावाच लागला. किंकेडला बडतर्फ करून पुन्हा कामावर घेणारा वॉटसन हे डॉयल यांचेच चरित्र होय. शंभर वर्षांच्या समीक्षेने जे पानेच्या पाने भरून सांगितले ते या चित्रपटाने एका नटाच्या चुकलेल्या वाक्यात सांगितले.

भारतात होम्सचे आगमन गांभीर्यानेच झाले. ‘बास्करव्हिल’वर आधारलेल्या १९६२ च्या ‘बीस साल बाद’ने मूळ कथेतले भय उचलले आणि होम्सला गाळले, मराठीत भालबा केळकरांनी त्याच्या चातुर्यकथा आणल्या त्या निखळ बुद्धिविलास म्हणून. परंतु होम्सविषयीचा प्रेमळ विनोद कसा असावा हे भारतीय चित्रपटात ज्याने ओळखले तो सत्यजित राय. त्यांचा फेलुदा होम्सला गुरुस्थानी मानतो. आणि ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटात राय यांनी वॉटसनच्या कामाची वाटणी केली, ती अशी की हकीकत नोंदविण्याचे काम चुलतभाऊ तोपशेकडे, आणि हसविण्याचे काम ‘जटायू’ या टोपणनावाने भडक साहसकथा लिहिणाऱ्या लालमोहन गांगुलींकडे. ब्रूस यांच्या वॉटसनमध्ये जी दोन कामे एकाच खांद्यावर लादल्यामुळे वॉटसन हास्यास्पद झाला, ती अलग करताच गुप्तहेराचे तेजही राहिले, कथनकाराची अब्रूही राहिली, आणि जटायू तर बंगाली घराघरांत लाडका झाला.

या सगळ्या परंपरेचा एकत्र विचार करता असे आढळते की होम्सच्या प्रत्येक यशस्वी विनोदी अवताराने त्याचे कोणते तरी एक भांडवल तात्पुरते जप्त करून पाहिले आहे. १९०० साली त्याचे सामर्थ्य काढून घेतले, १९०५ साली त्याची वाणी. कीटन यांनी त्याला काढून त्याच्या वाचकाला त्या जागी बसविले. बिली वाइल्डर यांनी त्याची अभेद्यता हिरावली, आणि एबरहार्ट यांनी तर त्याची बुद्धीच दुसऱ्याच्या नावे चढविली. इतके सारे काढून घेऊनही जो शिल्लक राहतो तोही होम्सच असतो, हीच त्या व्यक्तिरेखेच्या कसाची खरी परीक्षा. आणि ही परीक्षा घेण्याचे धैर्य भक्तांना होत नाही, ते विदूषकालाच होते.

डॉयल यांच्या कथांवरील हक्काची मुदत ब्रिटनमध्ये २००० साली संपली, आणि अमेरिकेत शेवटच्या दोन कथाही १ जानेवारी २०२३ पासून मुक्त झाल्या. आता होम्सशी वाटेल तसे वागण्यास कोणाची सनद लागत नाही. जिलेटना जी परवानगी तार करून मागावी लागली ती आज कोणाही सोम्यागोम्याला आपसूक मिळाली आहे. या मोकळिकीत काय घडू शकते त्याचा मासला, विल फेरेल आणि जॉन सी. राइली यांच्या ‘होम्स अँड वॉटसन’ या २०१८ च्या चित्रपटाने, वर्षातील सर्वांत वाईट चित्रपटाचा रॅझी पुरस्कार मिळवून, आधीच दाखवून ठेवला आहे. वकिलांचा पहारा उठल्यावर होम्सच्या राखणीला उरते ते एकच: थट्टा करणाऱ्याने मूळ कथा आवडीने वाचलेल्या असणे. बॅरीपासून एबरहार्टपर्यंत ज्यांनी ज्यांनी ती अट पाळली, त्यांच्या हसण्याने होम्सचे आयुष्य वाढतच गेले. ज्यांनी ती पाळली नाही, त्यांच्या चित्रपटांची वासलात लावण्यास कोणत्याही गुप्तहेराची गरज पडली नाही.